मधल्या खोलीतली झोप

माझा मामा आमच्या मधल्या खोलीतून जाताना वाकतो. खोलीची उंची दहा फूट आणि मामाची पाच फूट दोन इंच, तीही चपला घालून. तरी पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाला की बरोबर मध्यावर मान खाली घालणार, खांदे आत घेणार, दोन पावलं तशीच टाकणार आणि मग सरळ होणार. लहानपणी मी त्याची हुबेहूब नक्कल करायचे. पाहुणे पोट धरून हसायचे, आई हसायची, मामाही हसायचा. "उंच माणसांना असंच चालावं लागतं बाई," असं म्हणायचा, आणि आम्ही पुन्हा हसायचो. बावीस वर्षं आम्ही हसलो. आता आठवलं की राग येतो, पण नक्की कोणाचा ते मला अजून सांगता येत नाही.

मामा मिस्त्री आहे, घरं बांधतो. आमच्या भागात त्याला सगळे झोपाळू मिस्त्री म्हणतात. त्यात चेष्टा आहे, पण अपमान नाही, कारण ते नाव त्याच्या कामाच्या रीतीवरून पडलं. स्लॅब टाकला की खालचे टेकू तो एकवीस दिवस कोणाला हलवू देत नाही. सोळा नाही, अठरा नाही, एकवीस. रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून पाणी मारतो. एकविसाव्या दिवशी दुपारी टेकू खोलायचे, कामगारांना बाहेर घालवायचं आणि त्या ओल्या सिमेंटच्या वासाच्या रिकाम्या खोलीत गोणपाट टाकून बरोबर मध्यावर आडवं व्हायचं. चांगला चार-साडेचारपर्यंत घोरतो. तोवर घरमालकालासुद्धा आत पाऊल टाकायची बंदी. उठला की तोंडावर पाणी मारून दाराशी येतो आणि म्हणतो, "या. घर तुमचं."

त्या झोपेबद्दल मी त्याला खोदून खोदून विचारलं आहे. तो म्हणतो, आधी स्लॅबचा गारवा अंगावर उतरतो. मग डोळे मिटतात, पण कान उघडे राहतात. मग घर वापरात यायला लागतं. कोणीतरी कट्ट्यावर भांडं ठेवतं. एखादं मूल भिंतीकडेनं रांगत जातं. एखादी म्हातारी चौकटीला हात लावत लावत न्हाणीकडे जाते. यांतलं कोणीच अजून तिथे राहायला आलेलं नसतं, काहींचा तर जन्मही व्हायचा असतो. शिंप्याच्या घरात असाच झोपला होता, उठला तो थेट छिन्नी घेऊन खिडकीपाशी गेला आणि खालची विटांची एक ओळ काढून टाकली. "मशीनवर बसलेल्याच्या हातावर उजेड पडत नव्हता," म्हणाला. मशीन तेव्हा अजून जुन्या घरातच होतं. शिंपी ही गोष्ट आजही गिऱ्हाईक थांबवून सांगतो.

मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. माझा विश्वास स्वप्नांवर नाही, शिक्क्यांवर आहे. पण शिंप्याची खिडकी मी पाहिली आहे. दुपारी तिथे खरोखर हातावरच उजेड पडतो.

गेल्या वर्षी नियम आला की यापुढे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागेल. आजवर बांधलेल्यांपैकी निदान दहा घरांची यादी द्यायची, त्यातलं कुठलंही घर तपासनीस येऊन बघणार, आणि पुढे घरात दोष निघाला तर बांधणारा जबाबदार. सिमेंटच्या दुकानापुढच्या बाकावर एकच गिल्ला झाला. मी शाळेतून परतत होते, मामा दिसला म्हणून थांबले.

"मला सांगा, हाताला कधी परवाना लागतो का?" फरशीवाला म्हणत होता. "आमच्या बापानं घेतला होता?"

"कागद खिशात असला म्हणजे भिंत ओळंब्यात येते वाटतं," दुसरा कोणीतरी म्हणाला.

मला गप्प बसणं जमत नाही, हा माझा जुना आजार. मी म्हटलं, "केस कापणाऱ्याचे हात चुकले तर महिन्यानं केस वाढतात. तुमचे चुकले तर आम्ही कुठे जायचं? गाडी चालवायला परवाना लागतो, औषधं विकायला लागतो. आणि ज्याच्या भरवशावर अख्खं घर डोळे मिटून झोपतं, त्याला काही विचारायचंच नाही?"

फरशीवाल्यानं मामाकडे पाहिलं. भाचीला आवर, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मामा बोटांवरचं सिमेंट खरवडत बसला होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "त्या अर्जात काय काय विचारतात गं?"

परवाना त्याला हवा होताच, आणि लवकर हवा होता. एक चष्मेवालं जोडपं, दोघंही मास्तर, वर्षभर त्याच्यासाठी थांबलं होतं. बाकी सगळ्यांना नाही म्हणून ते मामाकडे आले होते, कारण बाईंची बहीण मामाच्या हातच्या घरात राहते. त्यांच्या जागेवर दोऱ्या मारून झाल्या होत्या. परवान्याशिवाय पाया खणता येणार नव्हता. आणि मामाच्या हातात थापी नसली की तो चार दिवसांत सुकतो, हे आम्ही त्याचा पाय मोडला होता तेव्हा पाहिलं आहे. दुपारी झोपायचासुद्धा नाही. म्हणायचा, कशाच्या खाली झोपू?

अर्ज भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी शाळेतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या आणि आमच्या घराच्या मागच्या पायरीवर आम्ही बसू लागलो. मामा आमच्याकडे मधल्या खोलीत कधीच बसत नाही, एक तर पुढच्या खोलीत नाहीतर मागच्या पायरीवर. अर्जाला दहा घरं पुरली असती. तो म्हणाला, सगळी लिही.

मग तो डोळे मिटायचा आणि निघायचा. मला दुसरा शब्द सुचत नाही, तो निघायचाच. "आता फाटकातून आत आलो. तीन पायऱ्या. तिसरी जरा रुंद आहे, तिथे त्यांना कुंड्या ठेवायच्या होत्या." मी पेन धरून बसलेली, ऊन पायरीवरून हळूहळू भिंतीवर चढतंय, आणि मामा तीस वर्षांपूर्वीच्या कोणाच्यातरी घरात चालतोय. कुणा एका मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतलेला बुटका जिना. दोन भावांचं घर, ज्यांनी आधी मधे भिंत मागितली आणि पाच वर्षांनी त्याच भिंतीत दार पाडून मागितलं. टपालवाल्याचं घर, जिथे मामाला झोपच लागली नाही, म्हणून त्यानं मागचा कोपरा पुन्हा खणला आणि खरंच खाली मऊ माती निघाली. कधी बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. मी थांबायचे. त्याचा एक हात हवेत भिंत चाचपत असायचा, मग जागा होऊन तो पुढच्या वाक्यापासून सुरू करायचा. त्या दुपारी मला फार आवडल्या. मलाही अधूनमधून वाटायचं की पायरी तिथेच आहे आणि आपण मात्र कोणाच्यातरी गच्चीवर उभ्या आहोत, खाली कपडे वाळत आहेत.

असे आठ दिवस गेले. चाळीस घरं झाली.

"आणि आपलं?" मी म्हटलं. "आपलं तर वर हवं. पहिल्या नंबरावर."

"आपलं नको," मामा म्हणाला.

"नको काय? घरचं म्हणून लाजतोस?" असं म्हणून मी लिहूनही टाकलं. एकेचाळीस, बहिणीचं घर, बावीस वर्षं. पान उलटलं. चौदावा रकाना होता, 'वरीलपैकी कोणत्याही बांधकामात दोष असल्यास तपशील'. मी त्याला न विचारताच लिहिलं, निरंक. माझा हा आवडता शब्द आहे. रोज वीसदा लिहिते.

मामा वाकून बघत होता. "ते काय लिहिलंस?"

"निरंक. म्हणजे काही नाही."

"खोड ते."

"मामा, अर्जात खाडाखोड चालत नाही."

"मग दुसरा अर्ज आण."

मी हसले. तो हसला नाही. त्यानं डोळे मिटले आणि या वेळी आमच्या घरात शिरला.

"तुमच्या स्लॅबचे टेकू मी नवव्या दिवशी काढले," तो म्हणाला. "माझ्याकडे टेकूंचा एकच संच. तिकडे लाकूडवाल्याचं घर अडलेलं. मुलीच्या लग्नाआधी हवं म्हणून तो रोज दारात. थंडीचे दिवस होते. थंडीत सिमेंट उशिरा धरतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मनात म्हटलं, ताईचं काय, घरचंच काम आहे. ताई काही बोलणार नाही. परका माणूस दारात येऊन भांडतो गं. घरचं माणूस चहा देतं."

"लाकूडवाल्याकडे किती दिवस ठेवले?"

"एकवीस."

"आणि झोपलास तिथे?"

"झोपलो."

"आमच्याकडे?"

"त्याच दुपारी टेकू गाडीत भरून तिकडे गेलो. ताईनं विचारलं, झोपला नाहीस? म्हटलं, तुझ्या घरात काय, केव्हाही झोपेन."

तीन महिन्यांनी त्याला दिसलं. मधल्या खोलीच्या स्लॅबला पोट आलं होतं. दीड बोट. खालून बघणाऱ्याला कळलं नसतं. त्यानं गिलाव्याचा एक जाड हात मारून तळ सपाट केला, वर रंग दिला, आणि आम्ही त्याचे आभार मानले. तेव्हापासून दुपारच्या झोपेत तो आपली घरं फिरतो, तेव्हा चाळीस घरांतून ताठ चालतो आणि आमच्या घरात आला की स्लॅब खाली आलेला असतो. दरवर्षी थोडा थोडा. "आता केसांना लागतो," तो म्हणाला. "वाकल्याशिवाय जाताच येत नाही. जागेपणी तसं नाही हे माहीत आहे. पण मान ऐकत नाही."

माझं पायरीवरून उठणं आणि आत बघणं एकदमच झालं. दुपारचे तीन वाजले होते. पंखा मंद फिरत होता, आणि बरोबर पंख्याखाली, खाटेवर, आई कुशीवर झोपली होती.

त्या क्षणी मामाचा मला जेवढा राग आला तेवढा आजवर कोणाचाच आलेला नाही. त्या खोलीत चौदाव्या वर्षापासून मी झोपले. परीक्षेचा अभ्यास केला, तापात पडले. तो रोज यायचा, आमच्या डोक्यावर काय आहे ते त्याला माहीत होतं, आणि तो मान वाकवून निघून जायचा, आणि मी त्याची नक्कल करायचे.

आईला मी हलवून उठवलं. "खाट पुढच्या खोलीत न्यायची आहे."

"आत्ता? काय पेटलंय?"

"मामा सांगेल."

मामानं सांगितलं. उभ्यानं, हात पाठीमागे बांधून, काही न वगळता. माझी आई तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. बोलणं हाच तिचा धंदा होता, आणि मामा हे तिचं एकुलतं एक लाडकं भावंड. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी तिनं हे घर बांधायला घेतलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, कोणाकडून काहीतरी लिहून घे. तिनं कानांवर हात ठेवले होते. भावाकडून काय लिहून घ्यायचं?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी कुठे झोपते ते तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू रोज येऊन चहा पिऊन जात होतास."

"ताई..."

"मला ताई म्हणू नकोस," आई म्हणाली, आणि पुढच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

आता खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज समोर ठेवून मीच म्हटलं, "स्लॅब आपण गुपचूप दुरुस्त करून घेऊ. इथे निरंकच राहू दे. नाहीतर परवाना गेला, आणि ते मास्तरांचं घरही गेलं." बाकावरच्या सगळ्यांना चार शब्द सुनावणारी ती मीच. मामानं माझ्याकडे जरा नवलानं बघितलं.

"गुपचूपच तर बावीस वर्षं चाललंय," तो म्हणाला. "लिही."

मी लिहिलं. सहा ओळी झाल्या, रकाना पुरला नाही, पुरवणी जोडली.

पंधरवड्यानं तपासनीस आली, माझ्याहून लहान, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छोटी हातोडी. एकेचाळीस घरांतलं कुठलंही बघायची तिला मुभा होती. तिनं आमचं निवडलं, हे सांगायला नकोच. शिडीवर चढून ती स्लॅब ठोकत गेली. भिंतीपाशी टणटणीत आवाज येत होता. मध्यावर आली आणि आवाज बसला, पोकळ झाला. आई दाराशी उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. तपासनीसबाईंनी गिलाव्याचा एक पोपडा काढला. आतल्या सळ्या तांबड्या पडल्या होत्या.

"हे चौदाव्या रकान्यातलं तुम्ही स्वतःहून लिहिलंत?" खाली उतरून तिनं विचारलं.

"मी सांगितलं. भाचीचं अक्षर चांगलं आहे."

"आतापर्यंत एकशे सहा अर्ज बघितले. त्या रकान्यात सगळ्यांचं निरंक आहे." तिनं हातोडी पिशवीत घातली. "तरी आज तुम्हाला परवाना देता येणार नाही, काका."

"द्यायचाच नाही," मामा म्हणाला. "आज दिलात तर पुढे कोणी तो कागद बघून माझ्या भरवशावर कसं झोपायचं?"

तिनं लिहून दिलं की आजच टेकू लावा, मधला स्लॅब फोडून नवा टाका, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. परवाना मिळालेल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे ते मास्तरांचं घर गेलं. मामा स्वतः नकाशे घेऊन त्याच्याकडे गेला आणि जागेचा उगवतीकडचा कोपरा जरा जास्त खोल खण, असं सांगून आला. परतताना मी बरोबर होते. दोऱ्या मारलेल्या त्या मोकळ्या जागेपाशी तो थांबला आणि जिथे स्वयंपाकघर येणार होतं तिथे बराच वेळ बघत राहिला.

मग आमच्या घराचं काम सुरू झालं. जुना स्लॅब तुकड्यातुकड्यानं खाली आला, आणि सहा दिवस मधल्या खोलीला वर काहीच नव्हतं. असं घर मी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या दारातून आत आलं की चप्पल काढायची, पुढची खोली ओलांडायची, आणि पुढच्या पावलाला आभाळ. फरशीवर उन्हाचा मोठा चौकोन पडायचा आणि दिवसभर खोलीतून सरकत जायचा, कपाटावरून, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोच्या खिळ्यावरून. फोटो आईनं आधीच काढून ठेवला होता. ढग एका भिंतीवरून आत यायचे आणि दुसऱ्या भिंतीवरून बाहेर जायचे. एका दुपारी एक पक्षी खोलीच्या बरोबर मध्यावर येऊन बसला, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ वर उडून गेला. आई पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून हे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "एवढं सगळं वर होतं, आणि आपल्याला ठाऊक नाही." ती आभाळाबद्दल म्हणाली की त्या गंजक्या सळ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही.

मामाशी ती बोलत नव्हती. तिनं मलाच एक्स्चेंज करून टाकलं. मामा चार हातांवर उभा असायचा आणि आई मला सांगायची, "त्याला विचार, चहा घेणार का." मी विचारायचे. मामा मला सांगायचा, "तिला सांग, घेईन." मी सांगायचे. असे दोन महिने माझ्यातून फोन जोडले गेले, आणि एकाचंही कौतुक कोणी केलं नाही.

नवा स्लॅब पडला. खाली बत्तीस टेकू उभे राहिले. खोलीचं रान झालं, स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून, वळणं घेत जावं लागायचं. वरून पाणी ठिबकायचं, रात्रंदिवस, संथ. मामा सकाळी यायचा, वर चढून पाणी मारायचा, संध्याकाळी पुन्हा. आणि आई रोज टेकू मोजायची. मोठ्यानं, प्रत्येकाला हात लावून, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. मामा गच्चीवर असला की मुद्दाम आवाज चढवायची. तो वर झारी धरून उभा राहायचा आणि तिचं मोजून होईपर्यंत पाणी ओतायचा नाही.

नवव्या दिवशी मामा परत गेलाच नाही. सकाळी पाणी मारलं आणि मागच्या पायरीवर बसून राहिला, दिवसभर. आईनं त्या दिवशी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर मला म्हणाली, "त्याला सांग, सगळे आहेत." मी पायरीपाशी जाऊन सांगितलं. मामानं तोंड गुडघ्यांत घातलं. माझा राग त्या दिवशी किती उरला होता ते मी तपासलं, तर अजून बराच होता. पण मी त्याच्याशेजारी जाऊन बसले.

सहा महिन्यांनंतरचा अर्ज मी आत्ताच आणून कपाटात ठेवला आहे. चौदाव्या रकान्यात या वेळी काय लिहायचं ते मामानं तोंडपाठ करून ठेवलंय.

एकविसाव्या दिवशी दुपारी कामगारांनी टेकू खोलले. एकेक बाहेर गेला तशी खोली मोठी होत गेली, आणि शेवटचा गेला तेव्हा मी नकळत भिंत धरली. काहीच झालं नाही. नवा, करडा, अजून ओलसर स्लॅब वर सपाट पसरला होता. मामानं दोरी लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं, मग पुन्हा आडवी लावून बघितलं. कामगार गेले. मामा काखेत गोणपाट घेऊन दाराशी उभा राहिला, पण आत जाईना.

आई उंबऱ्यावर पाटावर बसली होती. मामानं माझ्याकडे बघितलंच नाही. थेट तिला विचारलं, "झोपू का?"

सवयीनं आई माझ्याकडे वळली. "त्याला सांग..." एवढं म्हणाली आणि थांबली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "झोप."

मामानं मध्यावर गोणपाट अंथरलं. आडवा झाला. बराच वेळ त्याचे डोळे उघडेच होते, वर लागलेले. आम्ही दोघी उंबऱ्यावर. बाहेरून कोणी हाक मारली तर आई हातानंच गप्प करायची. मग कधीतरी त्याचा श्वास लांबला, आणि त्याचं ते घोरणं सुरू झालं, आधी अडखळत, मग एका लयीत. खोलीत ओल्या सिमेंटचा वास भरला होता. गारवा उंबऱ्यापर्यंत आला. मला भिंतीला टेकल्या टेकल्या गुंगी आली. त्या गुंगीत कट्ट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग सावकाश पावलं. मी घाबरून डोळे उघडले, तर आई चहा ठेवून परत येत होती. मामाच्या उशापाशी ती थांबली, मान वर करून स्लॅबकडे पाहिलं, मग खाली भावाकडे. त्याचे केस आता सगळे पांढरे झालेत. तिनं त्याच्या अंगावरची माशी हाकलली.

साडेचार वाजून गेल्यावर तो उठला. मागे जाऊन तोंड धुतलं, आणि रीतीप्रमाणे दाराशी यायला निघाला. मध्यावर आला. मान खाली गेली, खांदे आत गेले, दोन पावलं वाकून टाकली.

माझ्या तोंडून हसू निघालं आणि तिथेच अडकलं. आई हसली नाही.

"थांब," ती म्हणाली. "मागे जा."

मामा थांबला.

"जा मागे. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत." तो गेला, शिक्षा झालेल्या मुलासारखा मुकाट्यानं. "आता ये. सरळ ये."

तो निघाला. मध्यावर त्याची मान थरथरली, खांदे आत येऊ लागले. तो थांबला. त्यानं वर बघितलं, पोटभर बघितलं, आणि मग तशीच मान ठेवून दोन पावलं टाकली. तिसरं टाकलं. उंबऱ्याशी येऊन आईपुढे उभा राहिला.

"ये ताई," तो म्हणाला. "घर तुझं."

आई उठली. पुढच्या खोलीत जाऊन तिनं खाटेचं एक टोक उचललं. मी दुसरं धरायला धावले, तर म्हणाली, "तू नको. त्याला धरू दे."

दोघांनी मिळून खाट मधल्या खोलीत नेली आणि पंख्याच्या हुकाखाली ठेवली.